कॅन्सर निघाला, पण क्रिटिकल इलनेसचे पैसे मिळतील का?

क्रिटिकल इलनेस पॉलिसी दवाखान्याचं बिल भरत नाही. ते काम मेडिक्लेमचं. ठरलेला आजार निघाला की ही पॉलिसी ठरलेली रक्कम एकरकमी देते. ती औषधांना लावा नाहीतर घराच्या हप्त्याला. घोळ होतो तो 'ठरलेला' या शब्दापाशी.

पॉलिसीत नुसतं 'कॅन्सर' नसतं, 'कॅन्सर ऑफ स्पेसिफाइड सिव्हिरिटी' असतं. म्हणजे पेशी आसपासच्या निरोगी भागात घुसलेल्या हव्यात आणि ते बायोप्सीत दिसायला हवं. एकट्या एफएनएसीवर (बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून केलेली तपासणी) सहसा भागत नाही. रिपोर्टमध्ये 'इन सिटू' (पेशी जागच्या जागी, आसपास न घुसलेल्या), त्याचंच लघुरूप 'पीटीआयएस' किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सरपूर्व बदल 'सीआयएन 3' दिसलं, तर तो आजार या व्याख्येबाहेर. थायरॉइडची 2 सेंटीमीटरपर्यंतची, ग्रंथीतच असलेली आणि लसिकागाठींत न पोचलेली गाठ (टी1एन0एम0) बाहेर. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) 6 च्या वर नसेल आणि आजार टी2 या टप्प्यापर्यंत गेला नसेल, तर तोही बाहेर. ऑपरेशन झालेलं असतं, डॉक्टरही कॅन्सरच म्हणतात, तरी क्लेम नामंजूर होतो तो इथे.

म्हणून पॉलिसी घेतानाच 'अर्ली स्टेज', म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरचं कव्हर आहे का ते बघा. त्यात बहुधा विमा रकमेच्या 25 टक्के मिळतात: 10 लाखांवर अडीच लाख. उरलेले साडेसात लाख पुढे आजार वाढल्यास मिळतात का, हे वाक्य पॉलिसीत शोधून वाचा. माहितीपत्रकांतले मोठे आकडे नंतर वाचले तरी चालतील.

क्लेमची सूचना कंपनीला वेळेत द्या, पण पहिल्या बायोप्सीवरच हिशोब मिटवू नका. सुईने काढलेल्या तुकड्यात 'इन सिटू' दिसतं, आणि ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली की कधीकधी घुसलेला भाग सापडतो. तो अंतिम हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) रिपोर्ट जोडा.

बहुतेक पॉलिसींत पहिले 90 दिवस कव्हर नसतं. निदानानंतर ठरावीक दिवस, बऱ्याचदा 30, रुग्ण हयात असावा लागतो. सोनोग्राफीत जुनी गाठ दिसली असेल तर प्रपोजल फॉर्मवर (पॉलिसी घेतानाच्या अर्जावर) लिहाच; प्रीमियम थोडा वाढला तरी परवडतो, लपवलेलं परवडत नाही.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभर उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जाता येतं; इंदूरच्या लोकांसाठी ते भोपाळला आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे.