ऑटोस्केलिंग (कंटेनर क्लस्टर)

अ‍ॅप्लिकेशनवरचा भार वाढला की क्लाउडमधील त्याच्या प्रती आणि त्या चालवणारे सर्व्हर आपोआप वाढवणे व भार ओसरला की घटवणे, याला ऑटोस्केलिंग म्हणतात. कंटेनरसाठी, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन व त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या पाकिटांसाठी, ते प्रामुख्याने गूगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या कुबरनेटिस या प्रणालीत होते.

यात निर्णय दोन असतात. पहिला पॉडचा, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्या प्रतींचा. हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर दर १५ सेकंदांनी मापे तपासतो. सीपीयू वापराचे लक्ष्य ५० टक्के असताना ४ पॉड ८० टक्क्यांवर चालले, तर ४ × ८० ÷ ५० = ६.४, म्हणून तो ७ पॉड मागतो. ही टक्केवारी पॉडसाठी राखून ठेवलेल्या सीपीयूवर काढतात. तो आकडाच अंदाजपंचे लिहिलेला असेल तर पुढचे सारे गणित फसते, आणि बहुतेक ठिकाणी तो अंदाजपंचेच असतो. दुसरा निर्णय नोडचा, म्हणजे पॉड चालवणाऱ्या सर्व्हरचा; अशा नोडांचा समूह म्हणजे क्लस्टर. जागा न मिळालेला पॉड ‘पेंडिंग’ राहिला, की क्लस्टर ऑटोस्केलर नवा नोड मागवतो. नोड उभा राहून त्यावर इमेज (कंटेनर ज्यातून सुरू होतो ती तयार फाइल) उतरेपर्यंत बऱ्याचदा काही मिनिटे जातात.

मुंबईत ही मिनिटेच महाग पडतात. शेअर बाजार सकाळी ९.१५ ला उघडतो आणि ब्रोकरच्या अ‍ॅपवर भार एकदम चढतो. तेव्हा ऑटोस्केलरवर विसंबणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून वेळापत्रक लावून पॉड आधीच वाढवतात, किंवा कमी प्राधान्याचे रिकामे पॉड चालवून नोडवर जागा अडवून ठेवतात. खरा पॉड आला की ते हटतात. १० जुलै २०१९ च्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते, तेही अशीच क्षमता आधी राखून पेलले. धोनी बाद झाल्यावर लोक गेले. अशा वेळी व्हिडिओचा भार उतरतो, पण ‘बॅक’ दाबणाऱ्यांमुळे मुखपृष्ठाच्या सेवेवर तो उलट चढतो.

क्लाउडची क्षमता अमर्याद नसते. अ‍ॅमेझॉनचे मुंबई क्षेत्र जून २०१६ पासून चालू आहे, तरी हव्या त्या प्रकारचा सर्व्हर एखाद्या विभागात ऐन वेळी मिळेलच असे नाही. त्याहून क्षुल्लक अडचण आयपी पत्त्यांची: तिथल्या कुबरनेटिस सेवेच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पॉड सबनेटमधला (नेटवर्कच्या ठरवून दिलेल्या तुकड्यातला) एक पत्ता घेतो, आणि २५६ पत्त्यांच्या सबनेटमध्ये वापरायला मिळतात २५१.