नायकयात्रा आणि अभिजात फार्सी कथाकाव्य

नायकाने घर सोडावे, परक्या प्रदेशात कसोट्यांना उतरावे आणि लोकांच्या हिताचे काही घेऊन परतावे, हा कथासाचा अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली मांडला. फार्सी मसनव्यांना, म्हणजे यमकबद्ध द्विपदींतील दीर्घ काव्यांना, तो लावून पाहिला असता कथेच्या आरंभाशी चांगला जुळतो. परतीच्या टप्प्याशी मात्र त्याची वारंवार फारकत होते, आणि या काव्यांचे खरे मोठेपण तिथेच दिसते.

कवी फिरदौसीच्या ‘शाहनामा’तील (पूर्ण १०१०) वीर रुस्तुमचे ‘हफ्तखान’, म्हणजे सात संकटांची वाट, हे सर्वांत ठळक उदाहरण होय. दैत्यांच्या माझंदरान प्रदेशावर हट्टाने चालून गेलेला इराणचा राजा कैकाऊस श्वेत दैत्याच्या जादूने सैन्यासह आंधळा होऊन कैदेत पडतो. त्याच्या सुटकेसाठी निघालेल्या रुस्तुमला वडील झाल दोन वाटा सांगतात. त्यांपैकी जवळची पण संकटांनी भरलेली वाट तो कसलीही कुरकुर न करता निवडतो, त्यामुळे नायकाने आधी प्रवासाचे आवाहन नाकारण्याचा साच्यातील टप्पा येथे येतच नाही. पहिल्या मुक्कामी तर रुस्तुम झोपलेला असतानाच त्याचा घोडा रख्श सिंहाला ठार करतो. तिसऱ्या मुक्कामी अजगर जवळ येताच रख्श त्याला दोनदा जागे करतो, पण प्रत्येक वेळी अजगर अंधारात नाहीसा होतो आणि रुस्तुम झोपमोड केल्याबद्दल घोड्यावरच संतापतो. साच्यातील ‘सहायक’ ही भूमिका अशा प्रसंगी अपुरी पडते, कारण पराक्रमाचा मोठा वाटा घोड्याचाच आहे.

अखेरीस श्वेत दैत्याला मारून रुस्तुम त्याचे काळीज आणतो आणि त्याच्या रक्ताने राजाची दृष्टी परत येते. साच्यातील ‘वरदान’ ते हेच. तरीही कैकाऊस पूर्वीइतकाच अविचारी राहतो. पुढे रुस्तुमच्या हातून नकळत त्याचाच मुलगा सोहराब घायाळ होतो, तेव्हा हाच राजा भीतीपोटी औषध देण्याचे नाकारतो. मिळवून आणलेले वरदान राज्याला सावरत नाही, ही फिरदौसीची दृष्टी कॅम्बेल यांच्या आशावादी परतीपेक्षा कितीतरी कठोर आहे.

सूफी कवी अत्तारच्या ‘मंतिक-उत-तैर’मध्ये, उलटपक्षी, नकाराचाच टप्पा अत्यंत समृद्ध आहे. हुदहुद पक्षी सीमुर्ग या पक्ष्यांच्या अद्भुत राजाच्या शोधात निघण्याचे आवाहन करतो, तेव्हा बुलबुल गुलाबाच्या प्रेमाची सबब सांगतो, बदकाला पाणी सोडवत नाही, आणि प्रत्येकाच्या सबबीला हुदहुद दृष्टान्तकथांसह उत्तर देतो. सात दऱ्या ओलांडून पोचलेल्या तीस पक्ष्यांना सीमुर्गच्या ठायी आपलेच रूप दिसते. येथे घरी परतण्याला अर्थच उरत नाही.

कवी निजामीच्या ‘हफ्त पैकर’मध्ये (११९७) राजा बहराम सात घुमटांखाली सात राजकन्यांच्या कथा ऐकतो. त्यांतील काळ्या घुमटाच्या कथेतला राजा अधीरपणामुळे स्वर्गतुल्य बाग गमावतो आणि परतल्यावर जन्मभर काळी वस्त्रे नेसतो. त्याच्या हाती वरदान नाही, केवळ शोक आहे. साचा येथे बहरामच्या बाहेरील चौकटकथेपेक्षा तिच्यात सांगितलेल्या अंतर्गत कथांना अधिक लागू पडतो, म्हणून निजामीचा अभ्यास करताना दोन्ही स्तर वेगळे धरावे लागतात.