पट्टीवरचा चौकोनी कोड: स्कॅन करा, मग पडताळा
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

औषध हातात घेतल्यावर बहुतेक जण आधी एक्सपायरी बघतात. ती सवय सोडू नका. त्याच्या जोडीला पट्टीवरच्या किंवा खोक्यावरच्या क्यूआर कोडवर एकदा मोबाइल धरा, एवढं सांगायला हे पत्रक.

औषध नियमांतल्या बदलानुसार १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं कंपन्यांना बंधनकारक आहे. डोलो, अ‍ॅलेग्रा, ऑगमेंटिन, थायरोनॉर्म अशी घरोघरची नावं या यादीत आहेत. कोडमध्ये औषधाचं मूळ नाव, ब्रँड, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्सपायरी आणि परवाना क्रमांक असतो. यादीबाहेरच्या औषधावर कोड नसेल, तर तेवढ्यावरून ते बनावट ठरत नाही.

कोड उघडला म्हणजे औषध अस्सल, असंही मानू नका. छापलेल्या कोडची नक्कल करता येते. खरी खूण जुळणीत आहे: मोबाइलवर दिसणारा बॅच नंबर आणि तारखा पट्टीवरच्या छपाईशी अक्षरन् अक्षर जुळल्या पाहिजेत, आणि तोच बॅच नंबर आमच्या बिलावर हवा. फरक दिसला तर गोळी घेऊ नका, पट्टी आणि बिल घेऊन या. आम्ही ज्या स्टॉकिस्टकडून माल घेतला त्याच्या बिलापर्यंत तो बॅच तुमच्यासमोर शोधू. अन्न व औषध प्रशासनाकडे तुम्ही थेट तक्रारही करू शकता.

सुट्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी खास: पट्टी कापली की कोड आणि बॅच नंबर बऱ्याचदा दुकानातच राहतात. म्हणून दोनच गोळ्या घेतल्या तरी बिल मागा. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, आणि ते बिघडलं तरी पुष्कळदा बाहेरून कळत नाही. आमच्या फ्रिजमध्ये तापमान नोंदवणारा सेन्सर आहे. वीज गेली आणि पारा चढू लागला की रात्रीसुद्धा मोबाइलवर संदेश येतो. ही नोंद कुणीही मागावी, आम्ही दाखवू. घरी नेताना मात्र बाटली बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही.

शेवटी मोबाइलबद्दल. औषधाची माहिती बघायला ओटीपी, आधार किंवा बँकेचा तपशील लागत नाही. कोड स्कॅन केल्यावर कोणतंही पान असं काही मागू लागलं, तर ते लगेच बंद करा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आम्हाला फक्त दुकानाच्या नंबरवर पाठवा, कामगाराच्या खासगी नंबरवर नको. तुमचा आजार ही तुमची खासगी बाब आहे.

कोड उघडत नसेल किंवा अक्षरं बारीक वाटत असतील, तर काउंटरवर सांगा. आम्ही स्कॅन करून मोठ्यानं वाचून दाखवू.