सशाला उपाशी आणू नका

आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात दाढा घासायला दिलेल्या तारखेला बरेच जण ससा रात्रीपासून उपाशी ठेवून आणतात. कुत्र्या-मांजराला भुलेत उलटी होऊ नये म्हणून पोट रिकामं लागतं, त्यामुळे सशालाही लागत असेल असं वाटतं. पण सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ती भीती नाही. उपाशी ठेवला की मात्र आतडं मंदावतं, गॅस धरतो आणि भूल देणंच धोक्याचं होतं. मग आधी पोट चालू करण्यात दिवस जातो, दाढांना नवी तारीख द्यावी लागते. घरून निघेपर्यंत गवत-पाणी समोर असू द्या, पिंजऱ्यातही मूठभर गवत टाका. भुलेआधी तोंडातला चारा आम्ही काढतो.

'पुढचे दात तेवढे कापून द्या,' असं रोज कोणीतरी म्हणतं. सशाला २८ दात असतात, त्यातल्या २२ दाढा-उपदाढा ओठ उचलून दिसत नाहीत. सगळे जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिमी. खालच्या दाढांची टोकं जिभेला लागतात, वरच्यांची गालाला. त्या न पाहता पुढचे कापले तर दुखणं तसंच राहतं. नेलकटरनं दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. आम्ही भूल देऊन बरनं (दात घासायच्या फिरत्या टोकानं) घासतो, खर्च त्याचा आहे.

दात झिजावेत म्हणून कडक भाकरी देणारी घरं सोलापुरात पुष्कळ. दात कडकपणानं झिजत नाहीत, गवत आडवं रवंथल्यासारखं चघळताना झिजतात. भाकरीतला स्टार्च पोटात आंबतो तो वेगळाच. शेंगदाणे, बिस्किटंही नकोत. रोजच्या खाण्यात सुमारे ८० टक्के सुकं गवत हवं. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. कोवळी हिरवी ज्वारी मुळीच नको, तिनं गुरंसुद्धा दगावतात. निवडलेलं सुकं गवत काउंटरवर मिळतं, आधी थोडंच नेऊन आवडतं का बघा.

हनुवटी ओली, डोळ्यातून पाणी, गवत तोंडात घेऊन टाकून देणं, लेंड्या बारीक किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या: एवढं दिसलं तर तारीख घ्या. १२ तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर तारखेची वाट पाहू नका, तसेच या. पोट ढोलासारखं ताणलं असेल तर सिरिंजनं काही भरवू नका, आत अडकलं असेल तर ताण वाढतो. घरातलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) तोंडावाटे कधीच देऊ नका, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा जाऊ शकतो.

येताना आदल्या रात्रीच्या लेंड्या कागदात बांधून आणा, निम्मं निदान त्यांतच होतं. एप्रिल-मेमध्ये सकाळचीच वेळ मागा आणि गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा. दाढा घासून घरी नेल्यावर संध्याकाळपर्यंत सशानं गवताला तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी फोन करा.