सिमेंट वाळल्याने पक्के होते का?

अंगणातील फरशी किंवा भिंतीची भेग स्वतः दुरुस्त करणाऱ्यांना ‘सिमेंट उन्हात लवकर वाळू द्या, म्हणजे ते पक्के होईल’ असा सल्ला हमखास मिळतो. ओला गिलावा सुकताना कडक होताना दिसतो, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगातून घट्टपणा येतो, आणि पाणी अकाली उडून गेल्यास ती क्रिया अर्धवट राहून पृष्ठभाग भुसभुशीत होतो व त्याला तडे जातात. म्हणूनच काम किमान 7 दिवस ओले ठेवावे. पडताळणीसाठी एकाच मिश्रणाच्या दोन वड्या कराव्यात, दुसऱ्या दिवशी एक पाण्यात बुडवावी, दुसरी उन्हात ठेवावी आणि आठवड्याने दोन्ही खिळ्याने खरवडून पाहाव्यात: उन्हातली अधिक भुकटी सोडते.