रिबेट, टीडीएस आणि रिफंड : ग्राहकांसाठी माहिती (आर्थिक वर्ष 2025-26)

रामबागेतील आमच्या कार्यालयात यंदा येणारे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात, की बारा लाखांपर्यंत कर नाही, तर मग आमचा कर निघाला कसा? घोटाळा ‘सूट’ या शब्दात आहे. बोलताना आपण तीन निराळ्या गोष्टींना सूट म्हणतो. वजावट उत्पन्नातून होते, रिबेट आकारलेल्या करातून मिळते, आणि टीडीएस, म्हणजे उत्पन्न हाती येण्याआधीच कापला जाणारा कर, ही तर सवलतच नव्हे. तो तुमचाच, आधी भरला गेलेला पैसा असतो.

नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादा 4 लाख रुपयेच आहे. बारा लाखांच्या उत्पन्नावर 60,000 रुपये कर आकारला जातो आणि आयकर कायद्याच्या कलम 87ए खाली तेवढेच रिबेट मिळून तो शून्य होतो. उत्पन्न 12,10,000 झाले, तर आकारणी 61,500 रुपये येते. परंतु वाढीव दहा हजारांपेक्षा अधिक कर घेता येत नसल्यामुळे 10,000 रुपये व त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 10,400 रुपये भरावे लागतात. जुन्या प्रणालीत रिबेटची मर्यादा 5 लाख उत्पन्नाची व 12,500 रुपयांची असून तेथे असा दिलासा नाही, त्यामुळे पाच लाखांवर दहा रुपये गेले तरी साठीच्या आतील व्यक्तीला सुमारे 13,000 रुपये पडतात. रिबेट भारतात निवासी असलेल्या व्यक्तीलाच मिळते. क्लॉथ मार्केटमधील ज्या ग्राहकांची हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे वेगळी फाइल आहे, त्यांनी त्या फाइलीत ते धरू नये.

खरी अडचण शेअरच्या नफ्यात येते. उदाहरणादाखल सुदामा नगरातील एक निवृत्त शिक्षिका घेऊ. नव्या प्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन त्यांचे निवृत्तिवेतन 7,60,000 रुपये उरते, मुदत ठेवींचे व्याज 1,40,000 रुपये येते, आणि जुने सूचीबद्ध शेअर विकून 2,25,000 रुपयांचा दीर्घकालीन नफा झालेला आहे. एकूण उत्पन्न 11,25,000, म्हणजे बारा लाखांच्या आत. निवृत्तिवेतन व व्याज मिळून नऊ लाखांवरील 30,000 रुपयांचा कर रिबेटमध्ये जातो, पण शेअरच्या नफ्यावरील विशेष दराच्या कराला ते लागू नाही. नफ्यातील पहिले 1,25,000 रुपये सोडून उरलेल्या एक लाखावर 12.5 टक्क्यांनी 12,500 आणि उपकर 500, असे 13,000 रुपये देणे निघते.

आता टीडीएस पाहू. ज्येष्ठ नागरिकांचे एका बँकेतील वर्षाचे व्याज एक लाखावर गेले, की बँक सगळ्या व्याजावर 10 टक्के कापते. बाईंचे 14,000 कापले गेले. ते 13,000 च्या देण्यात वळते होऊन 1,000 रुपये रिफंड मिळेल. एकूण कर शून्य असता, तर त्यांना बँकेत फॉर्म 15एच, म्हणजे कर निघत नसल्याचे ज्येष्ठ नागरिकाचे घोषणापत्र, देऊन ही कपात टाळता आली असती. येथे देणे निघत असल्यामुळे तो देता येत नाही. रिबेटचे मात्र टीडीएससारखे नसते. ते कराइतकेच मिळते, उरलेले हाती पडत नाही.

टीडीएसची जमा फॉर्म 26एएस मध्ये दिसते, आणि आम्ही तो मागतो तेव्हा काही ग्राहकांना ते उगाच वाटते. गेल्या वर्षी एका बँक शाखेने पॅनचे एक अक्षर चुकीचे नोंदवल्यामुळे आमच्या एका ग्राहकाची कपात दुसऱ्याच खात्यावर गेली होती, आणि दुरुस्ती बँकेकडूनच करवून घ्यावी लागली. म्हणून येताना सर्व बँकांची व्याजाची प्रमाणपत्रे, निवृत्तिवेतनाचा फॉर्म 16, शेअर दलालाचे नफ्याचे विवरण आणि रिफंडसाठी पोर्टलवर प्रमाणित केलेल्या खात्याचे पासबुक आणावे. जुनी प्रणाली निवडायची असल्यास मुदतीच्या आतच यावे, कारण उशिराच्या विवरणपत्रात तो पर्याय राहत नाही. विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करावी लागते, तेव्हा आधारशी जोडलेला मोबाइल सोबत असू द्यावा.