दांड्यावरचा एक थेंब

"वरनं काळा मारून देतो की सर. गंज आत दाबून टाकायचा. हवाच लागली नाही तर तो वाढतोय कशाला?"

वडिलांची जुनी २२ इंची सायकल रंगवायला काढली, तेव्हा एका रंगाऱ्याने मला असं सांगितलं. त्याचा हात चांगला होता, दरही वाजवी होता, आणि म्हणणं वरवर बिनतोड वाटत होतं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. परीक्षानळ्यांमधला खिळ्यांचा प्रयोगही पाहिला. मग हवा तोडली की काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण गंजाची खरी गंमत नेमकी इथे उलटी आहे. हवा भरपूर मिळते तिथे तांबडा गंज साचतो, आणि लोखंड खाल्लं जातं ते शेजारच्या, हवा कमी मिळणाऱ्या जागी. हे मला माहीत होतं, म्हणून मी फ्रेम परत घरी आणली आणि अंगणात उलटी टांगली.

आता सायकलीची थोडी हकीकत. ती आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घराच्या बोळात उभी असायची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. घराचा खालचा मजला बुडाला, आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो, सायकल मागे राहिली. पाणी ओसरल्यावर तिच्यावर नळीने पाणी मारलं, पुसली, माळ्यावर टाकली आणि विसरलो.

आता पायडलचा आस काढला. तो ज्या आडव्या डबीत फिरतो त्या डबीतून छर्र्यांबरोबर मूठभर वाळलेला गाळ बाहेर पडला. मऊ, करडा, नदीचा. गाळाखालचा गंज तांबडा नव्हता, काळा होता, आणि तो खरवडल्यावर खाली पत्र्यात मसुराच्या दाण्याएवढे खड्डे दिसले. काळ्या पुडीवरून लोहचुंबक फिरवला तर ती चटकन चिकटली. ऑक्सिजन कमी असेल तर लोखंडाचा जो ऑक्साइड तयार होतो तो असा काळा आणि चुंबकाला ओढला जाणारा असतो. उलट वरच्या दांड्यावर, जिथे लहानपणी मी बसायचो, तिथला तांबडा गंज पॉलिश पेपरच्या चार हातांत निघाला आणि खालचं लोखंड जवळपास सपाट निघालं. म्हणजे हवेत उघडा राहिलेला दांडा शाबूत, आणि गाळाने झाकलेली डबी कुरतडलेली. रंगाऱ्याच्या हिशेबाने हे उलटं व्हायला हवं होतं.

याचं उत्तर एका थेंबात आहे. केंब्रिजमध्ये यूलिक इव्हान्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. गंजाच्या आधुनिक शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. १९२०च्या दशकात त्यांनी दाखवलेला प्रयोग इतका साधा आहे की तो प्रत्येक शाळेत व्हावा असं मला मनापासून वाटतं. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात आधीच दोन सूचक मिसळायचे. एक फिनॉल्फ्थॅलिन, ते अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, सोड्यासारखा पदार्थ, तयार झाला की गुलाबी होतं. आपल्या सांगलीच्या भाषेत सांगायचं तर साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, त्याच जातीचं हे काम. दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड, ते विरघळलेलं लोखंड भेटलं की गडद निळं होतं. मी हा थेंब त्याच सायकलीच्या घासलेल्या दांड्यावर, सावलीत ठेवला आणि भिंग घेऊन बसलो.

पहिल्या काही मिनिटांत थेंबाखाली सगळीकडे, पॉलिश पेपरच्या ओरखड्यांच्या रेघांवर, निळे आणि गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. कुणी कुठे असावं हे अजून ठरलेलं नसतं. मग हळूहळू ते आपापली जागा धरू लागतात. निळा रंग थेंबाच्या पोटात गोळा होतो आणि गुलाबी रंग कडेला सरकून तिथे गोल कडं तयार करतो. थोड्या वेळाने दोघांच्या मध्ये तपकिरी वर्तुळ उमटतं. तो गंज.

असं का होतं ते सावकाश बघू. थेंबाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीला सगळीकडे सारखाच असतो आणि तो वापरून संपतो. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, त्यामुळे बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन तिथे लगेच पुन्हा पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथे तो पोचायला उशीर लागतो. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन हवे असतात. कडेवरचा ऑक्सिजन ते खालच्या धातूतून ओढून घेतो आणि पाण्याबरोबर मिळून अल्क बनवतो, म्हणून कड गुलाबी. पण हे इलेक्ट्रॉन कुठून येतात? थेंबाच्या पोटाखालच्या लोखंडाकडून. तिथला लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि स्वतः आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, होऊन पाण्यात उतरतो, म्हणून पोट निळं. इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे धावतात, आयन पाण्यातून सरकतात, आणि वर्तुळ पूर्ण होतं. विरघळलेलं लोखंड कडेकडे येताना अल्काला आणि ऑक्सिजनला वाटेत भेटतं, तिथे त्याचा गंज बनून तो खाली बसतो. म्हणजे चोरी एका ठिकाणी होते आणि मुद्देमाल दुसऱ्या ठिकाणी सापडतो. कडेखालचं लोखंड मात्र अल्कामुळे उलट सुरक्षित राहतं, जशी सिमेंट काँक्रीटच्या अल्कात लोखंडी सळई सुरक्षित राहते.

हा शब्दशः एक विद्युतघट आहे. बॅटरीतल्या सेलची दोन टोकं असतात तशी इथेही आहेत, फक्त दोन्ही एकाच नळीवर आणि मध्ये तार नाही. माझ्या डबीतला गाळ म्हणजे थेंबाचं पोट होतं, आणि वरची ओलसर उघडी नळी म्हणजे थेंबाची कड.

इथे थोडा हिशेब करतो, कारण तो केल्याशिवाय यातली भीती कळत नाही. फॅरडेच्या नियमाने वीज किती वाहिली यावरून लोखंड किती विरघळलं ते काढता येतं. दोन टोकांमध्ये फक्त एक मिलिअँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे ९ ग्रॅम लोखंड जातं. हेच ९ ग्रॅम पूर्ण फ्रेमवरून सारखं गेलं तर कुणाला कळणारही नाही. पण ते एका चौरस सेंटिमीटरमधून गेलं तर ११ मिलिमीटरहून जास्त खोली होते. माझ्या सायकलीच्या सीटच्या नळीची जाडी मी व्हर्निअरने मोजली, ती १.६ मिलिमीटर आहे. प्रत्यक्षात प्रवाह इतका टिकत नाही, गंजाचा थर, वाळणारा ओलावा त्याला अडवतात. पण ऑक्सिजन घेणारी जागा मोठी आणि लोखंड सोडणारी जागा लहान, एवढं जुळलं की खड्डा पडतो हे आकड्यांवरून दिसतं. सायकलीची फ्रेम एकूण गंजामुळे मोडत नाही, अशा एखाद्या खड्ड्यापाशी मोडते.

मग रंग काय करतो? बहुतेकांना वाटतं, तो हवा आणि पाणी अडवतो. १९५०च्या आसपास मेन नावाच्या इंग्रज संशोधकाने मोजून दाखवलं की रंगाच्या साध्या थरातून उघडं लोखंड गंजायला पुरेल इतकं पाणी आणि इतका ऑक्सिजन आरपार जातो. तरी खालचं लोखंड टिकतं, कारण रंग आयनांना सहज जाऊ देत नाही. विद्युतघटाचं पाण्यातलं अर्धं वर्तुळ तो तोडतो. रंगाचं खरं काम विजेच्या तारेवरच्या रबरासारखं आहे.

"गंज आत दाबून टाकायचा" हे का चालत नाही ते आता उघड आहे. जुन्या गंजाच्या भुसभुशीत थरात पुराच्या पाण्यातले, घामातले क्षार अडकलेले असतात. त्यावर रंग मारला की आयन रंगाच्या आतच कोंडले जातात, आणि पाणी बाहेरून येतंच. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच ते क्षार रंगाच्या थरातून पाणी आत ओढतात आणि फोड येतात. फोडाच्या आत पुन्हा तोच थेंब तयार होतो. त्यात आणखी एक गोष्ट. कडेला जो अल्क तयार होतो तो साध्या एनॅमल रंगातल्या तेलाचा साबण करतो. घरी साबण करताना तेलात कॉस्टिक सोडा घालतात, तीच क्रिया. म्हणून ओरखड्याभोवतीचा रंग बोटाने सोलला जातो.

तेव्हा फ्रेम पूर्ण सोलायची. कुपवाडच्या एमआयडीसीत सँडब्लास्टिंग करून मिळतं, पण खड्डे पडलेल्या नळीवर वाळूचा मारा करायची माझी छाती झाली नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात केली, वायर ब्रशने सांधे साफ केले. एक सूचना मात्र कळकळीने: जुना रंग कधीही कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखात ९० भाग अशी कायद्याने नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, विशेषतः लाल-पिवळ्या छटांत आणि तळाच्या थरात, शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, मास्क लावा, चिखल कागदावर गोळा करा आणि लहान मुलांना लांब ठेवा. नंतर फ्रेम साबणाने धुऊन चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने धुवा, नळ्यांच्या आतूनसुद्धा. क्षार नजरेला दिसत नाहीत, म्हणून ही पायरी सगळेच गाळतात.

खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज उरतोच. त्यावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावतात. तांबडा गंज बघता बघता करडा-काळा होतो, कारण त्याचं लोह-फॉस्फेट होतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. टॅनिनही असंच काम करतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळी शाई होते, ती याच कुळातली.

फॉस्फेटवरून दिल्लीचा लोहस्तंभ आठवतो. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, आणि सुमारे १६०० वर्षं उघड्यावर. तो मंत्राने सिद्ध केलेला आहे, किंवा आजच्या विज्ञानाला न उलगडलेलं काही त्यात आहे, असे मेसेज दर महिन्याला येतात. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी ते उलगडून दाखवलं आहे. त्या काळच्या भट्टीच्या पद्धतीमुळे लोखंडात फॉस्फरस भरपूर राहिला, आणि त्यातून पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त घट्ट थर तयार झाला. त्या लोहारांचं कौतुक करायला चमत्कार लागत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी मला फ्रेम शनिवारी घरात आणू नका म्हणून सांगितलं होतं. मी शनिवारीच आणली, कारण त्या दिवशी सुट्टी होती. लोखंडाला वार कळत नाही, हवेतली आर्द्रता मात्र नेमकी कळते. ती साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंजाचा वेग एकदम वाढतो. म्हणून हे काम श्रावणात काढू नये. सांगलीच्या मे महिन्यातली कोरडी दुपार याला उत्तम. नळी सावलीत गार झाली की लगेच, त्याच दिवशी प्रायमर. आणि तिचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवं, नाहीतर न दिसणारा ओलावा रंगाखाली बसतो.

प्रायमरची गंमत सांगायलाच हवी. नेहमीच्या रेड ऑक्साइडचा तांबडा रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गेरूचा सख्खा भाऊ. लोखंडाला वाचवायला आपण त्याच्यावर गंजाच्याच जातीची पूड फासतो. ती आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेली असल्यामुळे तिला आणखी काही होत नाही. त्याआधीच्या पिढ्यांत हे काम शेंदूर करायचा. मारुतीला तेलात कालवून लावतात तोच शिशाचा ऑक्साइड, जवसाच्या तेलात कालवून पोलादी पुलांना आणि जहाजांना लावत. तेल आणि शिसं मिळून तयार होणारे शिशाचे साबण लोखंडाचं विरघळणं रोखत. काम अप्रतिम, पण विषारी, म्हणून तो मागे पडला. मी झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर घेतला, मोटारींच्या रंगाच्या दुकानात दोन डब्यांत मिळतो तो. इपॉक्सीचा अल्काने साबण होत नाही. त्याचे दोन पातळ हात, मग काळा.

बाजारात 'नॅनो कोटिंग, आयुष्यभर गंज नाही' अशी बाटली मिळते. ती रंगाच्या वर पुसायची असते. माझी सायकल आतून खाल्ली गेली होती, आणि तिथे ती बाटली पोचत नाही. नळ्यांच्या आत मी पातळ तेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली, आणि डबीच्या तळाला चार मिलिमीटरचं छिद्र पाडलं, पाणी साचू नये म्हणून. छिद्राच्या कडेलाही काडीने प्रायमर लावला.

पहिला पाऊस झाल्यावर कुलपाची साखळी घासून मागच्या नळीवर नखाएवढा ओरखडा पडला. तिथे पाण्याचा एक थेंब बसला होता, मधोमध अजून काहीच दिसत नव्हतं. पुसला, वाळू दिला, आणि प्रायमरचा डबा पुन्हा उघडला.